मागल्या चाकांपर्यंतची वाट

सुवेझ कालव्याच्या तंट्यामुळे 1956 च्या अखेरीस इंग्लंडात पेट्रोलची टंचाई होऊन त्याचे शिधापत्रकाने वाटप करण्याची पाळी आली, तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी अलेक इसिगोनिस या अभियंत्यास एक खरीखुरी मोटार, परंतु शक्य तितकी लहान, तयार करण्याची कामगिरी सोपवली. आणि तीत अट अशी घातली की, इंजिन मात्र कारखान्यात आधीपासून तयार होत असलेलेच वापरावे. या हुकुमातून जी गाडी निर्माण होऊन 26 ऑगस्ट 1959 रोजी लोकांपुढे आली, तीच पुढे ‘मिनी’ या नावाने जगप्रसिद्ध झाली. अवघी तीन मीटर लांबी, दहा इंची चाके, 848 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुमारे 600 किलो वजन, आणि तरीही चार प्रौढ माणसांची ऐसपैस सोय, ही तिची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या युक्तीमुळे हे साधले, त्याच युक्तीमुळे या गाडीस चारही चाकांची गती देणे हा यंत्रविद्येतील अत्यंत बिकट प्रश्न होऊन बसला. आणि जुन्या मिनीवर जीव जडलेले कारागीर हा प्रश्न कोणकोणत्या रीतीने सोडवू पाहतात, हे समजून घेण्याजोगे आहे.

त्या काळच्या बहुतेक मोटारींत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असे, त्याच्या पाठीमागे क्लच, क्लचमागे गिअरबॉक्स, तेथून गाडीच्या पोटाखालून लांब प्रोपेलर शाफ्ट, आणि शेवटी मागच्या धुरीवर क्राऊन-पिनियन व डिफरन्शियल (म्हणजे दोन बाजूंस गती पोहोचवूनही त्यांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी दातेचक्रे), अशी सरळ परंपरा असे. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे फिरवले. तथापि इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी ठेवल्यास दोहोंची मिळून लांबी गाडीच्या रुंदीत मावेना. म्हणून त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, जेथे एरवी केवळ तेल साठवायचे त्या तेलकुंडात, नेऊन बसवला. इंजिनाची गती क्लचच्या अंगाने तीन दातेरी चक्रांच्या साखळीतून खाली उतरते, गिअरांतून फिरते, आणि इंजिनाच्या पाठीशी असलेल्या डिफरन्शियलमधून थेट पुढच्या दोन चाकांस पोहोचते. इंजिन आणि गिअर एकाच तेलात न्हातात. या सर्व मांडणीत एक इंचही जागा वाया गेलेली नाही. आणि म्हणूनच, ज्यास तीत नवे काही घालावयाचे आहे, त्यास एक इंचही जागा सहजासहजी मिळत नाही.

आता चार चाकांना गती कशासाठी द्यावयाची, हे आधी निश्चित केले पाहिजे. कारण चार चाके फिरू लागली म्हणजे गाडीची ताकद वाढते, असा जो सार्वत्रिक समज आहे तो खरा नाही. ताकद इंजिनाची असते, ती तेवढीच राहते. वाढते ती जमिनीवरची पकड. मिनीच्या 600 किलो वजनापैकी सुमारे 360 किलो पुढच्या चाकांवर असते असे धरू. ओल्या गवतावर, वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकीच पकड मिळते असे मानले, तर पुढची चाके 72 किलोहून अधिक ओढ घेऊ शकत नाहीत, म्हणजे आठास एक या चढावरच ती जागच्या जागी फिरू लागतील. आणि चढावर गाडीचे वजन मागे झुकते, तेव्हा प्रत्यक्षात त्याच्याही आधी. मागची चाकेही ओढू लागली तर हीच ओढ 120 किलोपर्यंत, आणि चढ पाचास एकपर्यंत जातो. याउलट इंजिनाचा हिशेब पाहावा: पहिल्या गिअरमध्ये मिनीचे इंजिन चाकाच्या कडेवर सुमारे 300 किलोची ओढ निर्माण करू शकते. निसरड्या जमिनीवर गाडी अडते ती बळ नाही म्हणून नव्हे, तर बळास टेकायला जागा नाही म्हणून.

परंतु खडकाळ, खाचखळग्यांच्या वाटेवर दुखणे निराळे असते. मिनीच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.63 आणि शेवटच्या क्राऊन-पिनियनचे 3.76, दोहोंचा गुणाकार सुमारे साडेतेरा. म्हणजे इंजिन मिनिटास हजार फेरे घेत असताना, याहून हळू ते धड चालतही नाही, गाडी ताशी साडेसहा किलोमीटरने पुढे सरकते. दगडावरून चाक अलगद उतरवावयाचे असेल तर हा वेग फार झाला. मग चालक क्लच अर्धवट दाबून गाडी सावरतो, आणि घटकाभरात क्लच-प्लेटचा जळका वास येऊ लागतो. या दुखण्यावर चार चाकांचा उपाय लागू पडत नाही. त्यास गिअरच अधिक मंद हवेत. पकडीचा अभाव आणि मंदगतीचा अभाव या दोन स्वतंत्र व्याधी आहेत, आणि एकीचे औषध दुसरीस देणे हीच हौशी कारागिरांच्या हातून होणारी सर्वांत खर्चिक चूक, असे माझे स्पष्ट मत आहे.

याखेरीज वळणाचा एक प्रश्न आहे. गाडी वळते तेव्हा पुढची चाके मोठ्या वर्तुळावर आणि मागची लहान वर्तुळावर चालतात. मिनीच्या दोन धुरींमधील अंतर सुमारे 2.03 मीटर आहे. मागच्या धुरीचा मध्य 4 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर पुढच्या धुरीचा मध्य जवळजवळ साडेचार मीटर त्रिज्येवर फिरतो, आणि एका पूर्ण वर्तुळात पुढची चाके मागच्यांपेक्षा तीन मीटर अधिक अंतर कापतात. दोन्ही धुऱ्या एकमेकींस कायमच्या जखडून टाकल्या, तर हे तीन मीटर कोठे तरी जिरवावे लागतात. वाळूत, चिखलात, बर्फात चाके थोडी घसरून तो फरक आपोआप मिटवून टाकतात. डांबरी सडकेवर मात्र घसरायला वाव नसल्यामुळे शाफ्टमध्ये पीळ भरत जातो, सुकाणू जड होते, टायर झिजतात, आणि अखेर साखळीतील जो दाता दुर्बळ असेल तो तुटतो. म्हणून एक तर मधोमध तिसरे डिफरन्शियल घालावे आणि एखादी धुरी घसरू लागताच ते कुलूपबंद करण्याची तजवीज ठेवावी, किंवा गरज संपताच मागची चाके सोडवून घेण्याचा दांडा असावा. तिसरा मार्ग नाही, असे कोणासही वाटेल.

परंतु तिसरा मार्ग होता, आणि तो फ्रान्सात सित्रोएन कंपनीने काढला. अल्जीरियाच्या वाळवंटात तेलाचा शोध घेणाऱ्या लोकांस हलकी, स्वस्त आणि वाळूत न रुतणारी गाडी हवी होती. सित्रोएनची ‘दोन घोड्यांची’ लहान गाडी तर पुढच्याच चाकांनी चालणारी. अभियंत्यांनी मागपर्यंत शाफ्ट नेण्याच्या भानगडीत न पडता, पुढे होते तसेच 425 घनसेंटिमीटरचे दुसरे इंजिन, दुसऱ्या गिअरबॉक्ससकट, सामानाच्या जागी मागे बसवून दिले. ‘सहारा’ या नावाने ही गाडी 1958 मध्ये दाखवण्यात आली आणि 1960 च्या अखेरीपासून तयार होऊ लागली. दोन इंजिने, दोन गिअरबॉक्स, सुरू करण्याची दोन स्वतंत्र व्यवस्था, पुढच्या आसनांखाली पेट्रोलच्या दोन टाक्या आणि त्या भरण्यासाठी दारांतच पाडलेली भोके. क्लचचे पायडल मात्र एक, आणि गिअरचा दांडाही एकच, जो दोन्ही पेट्यांतील गिअर एकदम बदलीत असे. मागचे इंजिन सोडवून केवळ पुढच्यावर गाडी ताशी सुमारे 65 किलोमीटरने हाकता येई, आणि दोन्ही चालू असता ती शंभराच्या आसपास जाई.

या रचनेतील तात्त्विक सौंदर्य असे की, पुढच्या आणि मागच्या धुरीत लोखंडाचा कोणताही दुवा नव्हता. वळणावर पुढचे इंजिन किंचित जलद, मागचे किंचित मंद फिरे. दोहोंची एकवाक्यता करणारा मध्यस्थ म्हणजे खुद्द जमीन. मधले डिफरन्शियल नको, शाफ्टमधला पीळ नको, आणि वाळवंटात एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर घर गाठता येई. किंमत मात्र साध्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट, आणि देखभालीचा जमाखर्चही तसाच. अशा गाड्या सातशेच्या घरातच तयार झाल्या. मला विचाराल तर, ज्या मुलखासाठी ती निर्माण झाली त्या मुलखापुरते याहून परिपूर्ण उत्तर त्या दशकात कोणी दिले नाही. मुलूख बदलला की तेच उत्तर गैरसोयीचे ठरते.

इंग्लंडातही हीच कल्पना अजमावण्यात आली. 1962–63 च्या हिवाळ्यात तेथे विलक्षण बर्फ पडले, आणि मिनीच्याच अंगांपासून सिद्ध झालेल्या ‘मोक’ या उघड्या गाडीच्या मागे दुसरे इंजिन बसवून इसिगोनिस यांच्या मंडळींनी ती बर्फात हाकून दाखवली. 1963 मध्ये दोन इंजिनांची एक मिनी सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ या डोंगरी शर्यतीतही उतरवण्यात आली. सर जॉन व्हिटमोर आणि पॉल फ्रेअर यांनी ती चालवली, परंतु वारा न पोहोचणारे मागचे इंजिन सारखे तापत राहिले. मिनीत ही रचना करताना पुढच्या भागाची संपूर्ण चौकट मागे बसवावी लागे, आणि पुढची चाके ज्या दांड्यांनी वळतात ते दांडे मागे गाडीच्या अंगाशी जखडून टाकावे लागत. शर्यतींच्या मोटारींचे विख्यात निर्माते जॉन कूपर यांनी स्वतःसाठी अशीच एक गाडी सिद्ध केली होती. तिच्या मागच्या चाकाचा असाच एक दुवा सडकेवर निखळून गाडी उलटली, कूपर गंभीर जखमी झाले, आणि त्या मार्गाचा उत्साह तेथेच मावळला. जे अंग वळण्यासाठी घडवले, ते न वळण्यासाठी वापरावयाचे असेल, तर त्याच्या बळाचा विचार अगदी मुळापासून करावा लागतो. ही गोष्ट आज आपल्या घरामागच्या छपरीत अशी गाडी उभारणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता एका इंजिनाच्या मिनीस चार चाकी गती देण्याचा विचार. यात पहिला प्रश्न, गती घ्यावी कोठून? गिअरबॉक्सचे अॅल्युमिनियमचे कवच इंजिनाखाली बंदिस्त. त्याच्या मागच्या अंगास डिफरन्शियलचे घर, आणि त्याच्यामागे लागलीच प्रवाशांच्या कक्षाची भिंत. तेव्हा बहुतेक रचनांत क्राऊनचक्राच्या बाजूनेच गती घेऊन ती काटकोनात वळवावी लागते, आणि त्यासाठी शंकूच्या आकाराच्या दातेचक्रांची एक जोडी नव्या कवचात बसवावी लागते. हे कवच ओतून घ्यावे किंवा सबंध धातूच्या ठोकळ्यातून मिलिंग करून काढावे; बेअरिंगांच्या घरांचे मध्य एका रेषेत ठेवण्यात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांची काळजी घ्यावी लागते, नाही तर नवे कोरे दाते थोड्याच अंतरात रडू लागतात. क्राऊन तर आधीच मंद झालेल्या गतीने फिरत असतो. तीच मंद गती, तिच्या सगळ्या टॉर्कसह, मागे न्यावयाची तर शाफ्ट भलताच जाड हवा. म्हणून शंकुचक्रांच्या जोडीत गती पुन्हा वाढवतात, जलद फिरणाऱ्या बारीक शाफ्टने ती मागे नेतात, आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये ती परत तेवढीच कमी करतात.

‘तेवढीच’ या शब्दावर सारा भार आहे. समजा, पुढे 41 आणि 11 दात्यांची जोडी मिळाली, आणि मागे बाजारात सहज मिळालेल्या धुरीत 43 आणि 11 दाते आहेत. कागदावर 3.73 आणि 3.91 हे आकडे शेजारी शेजारी दिसतात. परंतु सरळ सडकेवर चालतानाही दर किलोमीटरमागे मागची चाके सुमारे 46 मीटर मागे राहू पाहतील, आणि वर वर्णन केलेला सगळा पीळ वळण न घेताच शाफ्टमध्ये भरत जाईल. टायरांचे व्यास बदलून हा फरक काही अंशी झाकता येतो, तो मिटवता येत नाही. दाते मोजून जोड्या जुळवणे हे काम कंटाळवाणे खरे. पण लेथ आणि मिलिंग यंत्राला हात लावण्यापूर्वी, कागदावर ज्याने ते केले नाही त्याची बाकीची कारागिरी कितीही देखणी असली तरी व्यर्थ आहे.

मागची धुरी बसवताना आणखी अडचणी येतात. मिनीच्या मध्यातून जो उथळ बोगदा जातो त्यात एक्झॉस्टची नळी असते. शाफ्टला वाट द्यावयाची तर बोगदा उंच करून तळाचा पत्रा नव्याने घडवावा लागतो. मागची चाके केवळ आधारापुरत्या खुंट्यांवर फिरत असतात, त्यांच्या जागी गती घेणारे हब हवेत. चाक वरखाली होत असताना शाफ्टला लवण्यासाठी जे जॉइंट लागतात, तेही विचारपूर्वक निवडावे लागतात. जुन्या पद्धतीचा साधा क्रॉस-जॉइंट 30 अंशांत वाकला, तर समगतीने फिरणाऱ्या दांड्याचे दुसरे टोक प्रत्येक फेऱ्यात कधी 13 टक्के मंद, तर कधी 15 टक्के जलद फिरते. मिनीच्या पुढच्या चाकांस हा धक्का बसू नये म्हणूनच तिच्यात आरंभापासून, गोळ्यांवर चालणारा समगती जॉइंट घातलेला आहे. मागची चाके वळत नाहीत, तेव्हा तेथे कोन लहान आणि साधन किंचित साधे चालते.

आणि गिअरबॉक्सचे काय? मूळ गिअर तिरप्या दात्यांचे आहेत. तिरपा दाता हळूहळू भिडतो म्हणून आवाज कमी. परंतु तोच तिरपेपणा चक्राला शाफ्टच्या दिशेने ढकलीत राहतो, आणि तो भार बेअरिंगांवर पडतो. म्हणून अधिक बळाचे इंजिन बसवणारे लोक सरळ दात्यांचे गिअर घालतात. ते मजबूत, परंतु त्यांचा किंकाळीसारखा नाद गाडीत बसून गप्पा मारू देत नाही. चार चाकांच्या गाडीत तर दात्यांवर येणारा भार अधिक निष्ठुर असतो. कारण दोन चाकांची गाडी अडली तर चाक घसरून दात्यांची सुटका करते, आणि चारही चाकांनी जमीन धरून ठेवली म्हणजे ती सुटकेची वाट बंद होते. त्यातून मिनीत गिअरांचे आणि इंजिनाचे तेल एकच. दात्यांच्या चिमटीत तेलाचा चिवटपणा लवकर नष्ट होतो, आणि झिजलेल्या पोलादाचा कीस थेट इंजिनाच्या बेअरिंगांकडे जाऊ पाहतो. तेल काढण्याच्या बुचात कारखान्यानेच लोहचुंबक बसवले, ते याच भयाने. गिअरबॉक्सवर पैसा खर्च करून तेल बदलण्यात काटकसर करणे, हा मिनीपुरता तरी आत्मघात आहे.

ज्या 1959 साली मिनी अवतरली, त्याच साली ऑस्ट्रियात ग्राट्झ येथील स्टायर-पुख कारखान्यात ‘हाफलिंगर’ नावाचे चिमुकले वाहन तयार होऊ लागले. इंजिन 643 घनसेंटिमीटरचे, मिनीच्याहून लहान; परंतु गाडी जन्मतःच चार चाकांची, दोन्ही धुऱ्यांच्या डिफरन्शियलांना कुलपे असलेली, आणि चाकाजवळ पुन्हा एकदा गती मंद करणारी दातेचक्रे असलेली, ज्यामुळे धुरी जमिनीपासून उंच राही. याच कारखान्याच्या साह्याने इटलीतील फियाट कंपनीने 1983 मध्ये आपल्या पांडा गाडीस चार चाकांची गती दिली. इंजिन आडवे, पुढे, 965 घनसेंटिमीटर आणि 48 अश्वशक्तीचे, मागे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर सरळ धुरी, मधे शाफ्ट, आणि मागची चाके जोडण्या-सोडण्यासाठी चालकाच्या हाताशी एक दांडा. मधले डिफरन्शियल त्यांनी घातलेच नाही. वेगळा मंद गिअरबॉक्सही घातला नाही. पाच गिअरांपैकी पहिलाच इतका मंद ठेवला की सपाट रस्त्यावर लोक दुसऱ्यात गाडी सुरू करीत. वर ज्या दोन व्याधी सांगितल्या त्या दोहोंवर, एवढ्या थोड्या वजनात, इतके निर्मळ उत्तर लहान गाडीच्या इतिहासात मला अन्यत्र दिसत नाही. आल्प्सच्या खेड्यांत या गाड्या आजही सांभाळून वापरल्या जातात.

ही जुनी मिनी हिंदुस्थानात फारशी आली नाही. परंतु आपल्याकडे या विद्येचा अभ्यास ज्या लहान गाडीवर होतो, ती 1985 मध्ये गुरगाव येथे तयार होऊ लागलेली मारुती जिप्सी. ताडोब्याच्या जंगलात पर्यटकांस फिरवणारी आणि लष्कराच्या ताफ्यात वर्षानुवर्षे राबलेली ही गाडी अशा कामास मोठी सोयीची आहे. कारण तिची ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्सची गती दोन्ही धुऱ्यांकडे वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून अलग, गाडीच्या पोटाखाली स्वतंत्र टांगलेली आहे, आणि दोहोंमध्ये एक आखूड शाफ्ट आहे. नंतरच्या जिप्सी किंगमध्ये या पेटीची गुणोत्तरे वरची 1.41 आणि खालची 2.27 आहेत; खालच्या जोडीच्या जागी चारच्या वरचे गुणोत्तर देणारी दातेचक्रे बसवता येतात, आणि मग तीच गाडी, तेच इंजिन, तोच क्लच ठेवून, घाटातल्या दगडी ओढ्यातून माणसाच्या संथ चालीने उतरते. इंजिन बदलण्याचा मोह मात्र आपल्या मुलखात जपून करावा. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावलेला आहे. ज्यास हे काम शिकावयाचे असेल त्याने ट्रान्स्फर केसपासून आरंभ करावा: ती खाली उतरवावी, उघडावी, प्रत्येक चक्राचे दाते स्वतः मोजावे, आणि ते आकडे लिहून झाल्यावरच नव्या दातेचक्रांची मागणी नोंदवावी.